मागच्या सीटवरचे स्पीकर

गाडी फाटकासमोर थांबली तेव्हा मी आणि आई पडद्याआडून पाहत होतो. पांढरी फियाट होती. पुढून साठीच्या एक बाई उतरल्या, स्टिअरिंगमागून निळा शर्ट घातलेला उंच माणूस उतरला. मागच्या सीटवर दोघं बसलेली दिसत होती, ती काही उतरेनात.

"मागे कोण आहे? मी पोहे मोजक्यांचेच भिजवलेत," आई म्हणाली.

बाबा फाटक उघडायला गेले होते. पाहुण्यांना ओसरीवर बसवून ते आत आले आणि म्हणाले, "माणसं नाहीत ती. स्पीकर आहेत."

ही पंचाण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. मी यवतमाळला ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होते आणि एकोणतीस पूर्ण केली होती. आमच्याकडे पाहण्याचे कार्यक्रम इतके झाले होते की कुठली साडी नेसायची हेही आई आता विचारत नसे. हे स्थळ अमरावतीचं होतं. प्रफुल्ल गावंडे, सूतगिरणीत इंजिनिअर, वडील वारलेले, घरात आई आणि तो. वय बत्तीस. बायोडेटात एवढंच होतं.

मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. त्याच्या आईंनी मला जवळ बसवून घेतलं. बाई नीटनेटक्या होत्या. पांढरी, जांभळ्या काठाची साडी, हातात एकेक बांगडी, आणि बोलणं अगदी मोजकं. मी कुठल्या वर्गांना शिकवते, अमरावतीला बदली मिळेल का, स्वयंपाकात काय येतं, हे त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं. बाबांनी प्रफुल्लला गिरणीबद्दल विचारलं, तर उत्तर बाईंनीच दिलं. पगाराबद्दल विचारलं, त्याचंही उत्तर त्यांनी दिलं. तो पोहे खात होता. दाणे बाजूला काढून ठेवत होता.

शेवटी बाबांनी गाडीतल्या त्या खोक्यांचा विषय काढला. एवढे मोठे स्पीकर त्यांनी लग्नाच्या मांडवात पाहिले होते, गाडीत कधी पाहिले नव्हते.

"त्याला नाद आहे गाण्याचा," बाई म्हणाल्या. "घरचे स्पीकर गाडीत लावून घेतले. मामा येणार होते बरोबर, पण त्यांना बसायला जागाच नाही उरली."

प्रफुल्ल नुसता हसला.

मग नेहमीप्रमाणे बाबा म्हणाले की मुलांनी जरा आपापसात बोलावं. याआधीच्या स्थळांच्या वेळी मी गच्चीवर जाऊन उभी राहत असे आणि समोरचा माणूस पाण्याच्या टाकीकडे पाहत बोलत असे. त्या दिवशी गच्ची तापली होती. मी म्हटलं, आपण गाडीतून एक चक्कर मारून येऊ. बाईंनी लगेच सांगितलं की गाडीत सामान आहे. बाबा म्हणाले, पुढे दोघं मावतात की. बाईंनी मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली उचलली.

स्पीकर आमच्या घरच्या टीपॉयपेक्षा उंच होते. सागवानी लाकडाचे, पुढे तपकिरी जाळीचं कापड. सुताराने नव्हे, कुणीतरी हौसेने घरी बनवल्यासारखे दिसत होते. कोपरे हाताने घासून गोल केले होते. दोन्ही मागच्या सीटवर दोन टोकांना बसवून सुती पट्टीने बांधले होते. मधल्या जागेत एक चादर दुमडून खोचली होती, ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून.

गाडी चौकापर्यंत गेली आणि तो बोलायला लागला. मला आठवतं, मी खरोखर वळून त्याच्याकडे पाहिलं, कारण आमच्या बैठकीत बसलेला माणूस हाच का, असं मला वाटलं. आवाज मोकळा होता. आमच्या गावातल्या रस्त्यांवरच्या झाडांबद्दल बोलला, गिरणीतल्या रात्रपाळीबद्दल बोलला. मी काय शिकवते असं नुसतं विचारून थांबला नाही. मुलांना नकाशा वाचायला का जमत नाही, हे विचारलं. मी सांगितलं. त्याने ऐकलं. कितीतरी दिवसांनी मी कुणाला नकाशाबद्दल काही सांगत होते.

मी म्हटलं, लावा ना तुमचं गाणं.

त्याने कॅसेट सरकवली. एका बाईंच्या आवाजातलं भजन होतं. खालचा सूर आला की डॅशबोर्ड घुमायचा आणि माझ्या बाजूची काच थरथरायची. गाणारी बाई मागच्या सीटवरून आमच्या मानेशी वाकून गात असल्यासारखी वाटत होती.

"चांगलं नाही ना वाटत?" तो म्हणाला. "घरचे स्पीकर गाडीत लावूच नयेत खरं तर. गाडीच्या टेपने ते नीट वाजत नाहीत, आवाज दबतो. म्हणून मी सीटखाली बॅटरीवर चालणारा वेगळा अँप्लिफायर टाकला. आवाज वाढला, पण गाणं काही सुधारलं नाही. आवाजाला फिरायला खोली लागते. इथे तो काचांवर आपटून परत येतो. आणि उन्हात गाडी उभी राहिली की आतल्या कागदाचा डिंक सुटतो. डावा एकदा सुटला होता, मी चिकटवला."

"इतकं माहीत असून गाडीत का लावलेत?"

"घरात लावता येत नव्हते."

मग त्याने सांगितलं. त्याचे वडील रेडिओ ऐकत असताना गेले. सकाळची वेळ होती, आई स्वयंपाकघरात होती, आणि रेडिओ चालूच असल्यामुळे ते पडल्याचा आवाज तिला आला नाही. कितीतरी वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली. त्या दिवसापासून त्यांच्या घरात काही वाजलं नाही. शेजारच्यांचा रेडिओ मोठा झाला तरी ती खिडकी लावून घ्यायची. हे ऐकून मला त्या बाईंबद्दल वाईट वाटलं, आणि इतकं सरळ सांगणाऱ्या त्याच्याबद्दल बरं वाटलं. मी मनातल्या मनात अमरावतीच्या बदलीचा अर्ज कुणाकडे द्यावा लागेल याचा विचार करू लागले होते. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

"तुम्ही आईंशी कधी बोललात यावर?" मी विचारलं.

"कसं बोलणार? तिला त्रास होतो."

आम्ही दारव्हा रोडला लागलो होतो. त्याने गाडी हळू केली आणि एका कडुलिंबाच्या सावलीत उभी केली. कॅसेट बंद केली.

"हे स्पीकर माझे नाहीत," तो म्हणाला. "आज परत द्यायचे आहेत. इथेच, यवतमाळला. तुमच्याकडचं आटोपलं की मी एकटा जाऊन देणार होतो."

"कुणाचे आहेत?"

त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "माझ्या बायकोचे. म्हणजे आता बायको नाही. मागच्या वर्षी कोर्टातून मोकळे झालो आम्ही. तिच्या वडिलांनी बनवून दिले होते लग्नात. आई म्हणाली, पहिल्याच भेटीत हे सांगायची गरज नाही. लोक ऐकूनच परत पाठवतात."

मला राग आला होता, पण नेमका कुणाचा, ते ठरत नव्हतं. त्याने आपणहून सांगितलं होतं, हेही खरं होतं. त्याने सांगितलं नसतं तर मला लग्नानंतरच कळलं असतं.

"मी येते तुमच्याबरोबर स्पीकर द्यायला," मी म्हटलं.

"तिच्याकडे?"

"हो."

"तुम्ही म्हणता तर चला," तो म्हणाला आणि त्याने गाडी सुरू केली.

घर जवळच होतं. बैठं, पुढे पेरूचं झाड. त्याची आधीची बायको, कुंदा, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. माझ्याच वयाची, सावळी, केसांची सैल वेणी. तिचे वडील शेतावर गेले होते. गाडी पाहून ती उठली, हात पदराला पुसले, आणि मला पाहून थांबली.

"या वैजयंती," तो म्हणाला. पुढे काय सांगावं हे त्याला सुचलं नाही.

"आमच्या घरी पाहायला आले आहेत हे मला," मी म्हटलं. "मघाच सांगितलं त्यांनी तुमच्याबद्दल."

"सांगितलं?" कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं, आणि जरा बरंही. "बसा तुम्ही. बाहेर ऊन आहे."

पण मी बसले नाही. एका स्पीकरला दोन माणसं लागत होती. पहिला मी आणि त्याने उचलून आत नेला. फार जड होता. कुंदाने दिवाणाशेजारची खुर्ची सरकवून जागा केली. इथे ठेवा, ती म्हणाली, त्याने ठेवला. भिंतीपासून थोडा पुढे, म्हणाली. त्याने पुढे घेतला. मग ती वाकली आणि जाळीच्या कापडावरून तळहात फिरवत राहिली, जसं आपण शाळेतून आलेल्या मुलाच्या डोक्यावर धूळ आहे का ते पाहतो.

"डावा चिकटवला आहे मी," तो म्हणाला. "सुटला होता."

"कळलं असतं मला ऐकून." ती हसली. तोही हसला. त्यांच्यात भांडण उरलेलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. माझ्या मनावरचा भार त्यामुळे थोडा कमी झाला.

दुसऱ्या स्पीकरची पट्टी सोडायला तो बाहेर गेला. गाठ उन्हाने आवळली होती, ती सुटत नव्हती. आम्ही दोघी खोलीत राहिलो.

मी विचारलं, "तुमच्यात काय झालं, विचारलं तर चालेल?"

कुंदा दाराकडे पाहत होती. तिथून तो पाठमोरा दिसत होता, गाडीत वाकलेला.

"मारझोड नाही, दारू नाही," ती म्हणाली. "माझ्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. मला काम करताना गाणं लागतं. आमच्या घरी पहाटेपासून काहीतरी चालू असायचं. तिथे पहिल्याच सकाळी मी कॅसेट लावली आणि सासूबाई ताट सोडून उठल्या. मी विचारलं यांना, हळू आवाजात लावू का, दार लावून लावू का, त्या देवळात जातात तेव्हा लावू का. तुम्ही एकदा बोला त्यांच्याशी, म्हटलं. हे काही बोलले नाहीत. रविवारी दोन्ही स्पीकर गाडीच्या मागच्या सीटवर बसवून आणले. म्हणाले, संध्याकाळी आपण छत्री तलावावर जाऊन ऐकत बसू."

"मग?"

"जायचो रोज. सुरुवातीला मलाही मजा वाटायची. नवरा आपल्यासाठी एवढं करतो म्हणून. गाडीत फार छान बोलतात ते. सगळं बोलतात. घर आलं की फाटकाशी गप्प. नुसतं गाण्याचं नव्हतं ना. मला नोकरी करायची होती, ते गाडीत ठरायचं आणि घरात तसंच राहून जायचं. माझे वडील आजारी होते, मला महिनाभर इकडे यायचं होतं, तेही गाडीतच ठरलं. एकदा पाऊस चालू होता, काचा बंद, आम्ही तलावावर बसलो होतो, आणि मला वाटलं, मी या गाडीतच नांदते आहे. घरात माझं काहीच नाही."

बाहेर गाठ सुटली. त्याने हाक मारली आणि मी उठले.

"तुमच्याशीही गाडीतच बोलले ना?" कुंदाने विचारलं.

मी मान डोलावली.

"माणूस वाईट नाही," ती म्हणाली. "हे मी कोर्टातही सांगितलं."

दुसरा स्पीकर आम्ही आत ठेवला. सीटखालचा अँप्लिफायर त्याचा स्वतःचा होता, तो गाडीतच राहिला. कुंदाने चहा विचारला, आम्ही नको म्हणालो. निघताना त्याने तिला विचारलं की वायर जोडून देऊ का. तिने सांगितलं, तिचे बाबा जोडतील. तो बरं म्हणाला.

परतताना गाडी रिकामी वाजत होती. मागे काही नसल्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा आवाज येत होता. मला तो आवडला होता, आणि तासाभरात तो आवडेनासा होईल असं काही घडलं नव्हतं. कुंदाने सांगितलेलं सगळं जुनं होतं. माणूस एकदा चुकतो आणि शिकतोही, असं मी स्वतःला सांगत होते.

"गाडीत मला जे सांगितलंत," मी म्हटलं, "ते आता घरात सांगाल? तुमच्या आईंसमोर. माझे आईबाबाही असतील."

"आज?"

"आजच."

आमची गल्ली आली तशी त्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर सांगतो."

आत गेलो तेव्हा बाई आईला लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण सांगत होत्या. त्यांनी खिडकीतून रिकामी सीट पाहिली असावी, कारण त्या बोलता बोलता थांबल्या. प्रफुल्ल खुर्चीवर बसला नाही. उभा राहून, बाबांकडे पाहत, त्याने सांगितलं. माझं आधी एक लग्न झालेलं आहे. सव्वा वर्ष टिकलं. ती इथलीच आहे, तिचे स्पीकर परत देऊन आलो. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं.

आई पदर तोंडाशी धरून बसली. बाबांचा चेहरा लाल झाला होता, पण ते ओरडले नाहीत. ते बाईंकडे वळले.

"मीच म्हटलं होतं त्याला, आज सांगू नको म्हणून," बाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही. "त्याचा दोष नाही. दोन ठिकाणी खरं सांगून पाहिलं. एका ठिकाणी पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही मुलीचे वडील आहात, तुम्हाला राग येणारच. मी मुलाची आई आहे."

मला त्या बाई त्या क्षणी आवडल्या. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी म्हटलं होतं.

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, झालं ते झालं, आता पुढचं बोलू. माझ्या नोकरीचं काय, त्यांनी विचारलं. बदली नाही मिळाली तर मुलगी इथली कायमची नोकरी सोडणार नाही. वर्षभर येऊन-जाऊन राहावं लागेल. हे तुम्हाला चालेल का?

"सून घरात नसेल तर लग्न करून उपयोग काय," बाई म्हणाल्या.

"मी प्रफुल्लरावांना विचारतोय," बाबा म्हणाले.

प्रफुल्लने आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. मला कळेना तो काय पाहतो आहे. मग कळलं. मी काहीतरी खूण करावी, याची तो वाट पाहत होता. हो म्हणू की नाही म्हणू, एवढंच त्याला हवं होतं. मी मान डोलावली असती तर त्याने आईच्या तोंडावर 'चालेल' म्हटलं असतं, अगदी मघासारखंच, न अडखळता.

मी मान हलवली नाही. हातांकडे पाहत बसले.

"बघू," तो म्हणाला शेवटी. "आई आणि या, दोघी मिळून काय ते ठरवतील."

बाबांनी पुढे काही विचारलं नाही. आई चहा टाकायला उठली, तर बाईंनी नको म्हटलं. त्या गाडीत जाऊन बसल्या, पुढच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. त्याच्यामागून मी फाटकापर्यंत गेले. फाटकाची कडी अडकायची, ती त्याने काढून दिली आणि तिथेच उभा राहिला. आत बसलेल्या आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्याने विचारलं, "मी सांगितलं ना सगळं?"

"सांगितलंत."

"मग?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखर न समजल्याचा भाव होता. त्या चेहऱ्याचा राग येणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "ते तुम्ही माझ्यासाठी सांगितलंत."

त्याला ते फार बरं वाटलं. मोकळं हसून तो म्हणाला, "हो. तुमच्यासाठीच तर सांगितलं."